लिनक्स टाकताय? मग आधी सॉफ्टवेअर कुठून घेणार ते ठरवा

विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला आणि तेव्हापासून जिकडेतिकडे एकच प्रश्न, जुना लॅपटॉप आहे, आय थ्री सहावी नाहीतर सातवी जनरेशन, चार जीबी रॅम, विंडोज ११ घेत नाही, तर कुठलं लिनक्स टाकू. लगेच उत्तरं सुरू होतात. कोणी उबुंटू म्हणतं, कोणी मिंट, एक जण आर्च म्हणाल्याशिवाय राहत नाही आणि विचारणारा बिचारा पाच आयएसओ, म्हणजे इन्स्टॉल करायच्या फाइली, उतरवून बसतो.

ही सगळी लिनक्सची वेगवेगळी वाणं, त्यांना डिस्ट्रो म्हणतात, आणि माझ्या मते डिस्ट्रोचं नाव सगळ्यात शेवटी ठरवायचं. वॉलपेपर, थीम, पट्टी खाली पाहिजे का वर, हे सगळं नंतर पाहिजे तेव्हा बदलता येतं. बदलायला खरंच जड जातं ते म्हणजे तुमची सॉफ्टवेअरं कुठून येतात, ती अपडेट कोण करतं आणि अजून किती वर्षं करणार आहे. डिस्ट्रो म्हणजे शेवटी तेवढंच, पॅकेजांचा, म्हणजे बांधून तयार ठेवलेल्या सॉफ्टवेअरचा, साठा आणि तो सांभाळणारी माणसं.

तेव्हा पहिलं काम, रोज जे वापरता ते कागदावर लिहून काढा. ब्राउझर, ऑफिस, व्हिडिओ प्लेयर यांची काळजी नाही, ती सगळीकडे मिळतात. अडचण बाकीच्यांची. टॅली असेल तर ते विंडोजचं आहे, धंद्याच्या मशीनवर वाइनमध्ये, म्हणजे लिनक्सवर विंडोजची सॉफ्टवेअरं चालवणाऱ्या प्रोग्रॅममध्ये, बसवून चालवायच्या भानगडीत पडू नका. डिजिटल सिग्नेचरचं टोकन असेल तर त्या टोकनचा लिनक्स ड्रायव्हर मिळतो का आणि ज्या पोर्टलवर सही करता तिथली सही करायची युटिलिटी लिनक्सवर चालते का, दोन्ही आधी बघा, एक चालून उपयोग नाही. डीटीपीवाले असाल आणि सगळं काम कोरल, पेजमेकर आणि श्रीलिपीत असेल तर सरळ सांगतो, त्या मशीनवर विंडोज राहू द्या. कृतिदेव किंवा श्रीलिपीतल्या जुन्या फाइली युनिकोड नाहीत, तो फॉन्ट नसला की इंग्रजी अक्षरांचा चिवडा दिसतो, त्या आधी युनिकोडमध्ये बदलून घ्याव्या लागतात.

आणि प्रिंटर! याच्याकडे कोणीच बघत नाही. कॅनन एलबीपी २९००, झेरॉक्सच्या दुकानात, सोसायटीच्या ऑफिसात, सीएच्या टेबलावर, जिथे जाल तिथे हाच, आणि लिनक्सवर नेमका हाच छळतो. हा प्रिंटर कॅप्ट नावाच्या कॅननच्या स्वतःच्या भाषेत बोलतो, पोस्टस्क्रिप्ट नाही पीसीएल नाही, त्यामुळे नेहमीचे ड्रायव्हर चालत नाहीत. कॅननचा जुना ड्रायव्हर धडपड करून बसवता येतो, लोकांनी मिळून लिहिलेला कॅप्टड्रायव्हरही आहे, पण ऑफिसात रोज शंभर पानं काढणाऱ्याला मी ते सुचवणार नाही. एचपीचा लेझरजेट १०२० त्या मानाने बरा, एचपीलिप हा एचपीचा लिनक्स ड्रायव्हर टाकायचा आणि वरून एचपीचं कोड खुला नसलेलं प्लगइन उतरवायचं, कारण प्रिंटर चालू केला की दर वेळी त्याच्यात फर्मवेअर, म्हणजे त्याचा आतला प्रोग्रॅम, लोड करावं लागतं. अलीकडचे वायफायवाले प्रिंटर, ज्यांच्यावर एअरप्रिंट लिहिलेलं असतं, ते बहुतेक वेळा ड्रायव्हरशिवाय आपोआप दिसतात.

कागद झाला की पेनड्राइव्ह. त्यावर व्हेंटॉय नावाचं टूल टाका, म्हणजे एकाच पेनड्राइव्हवर दोन-तीन आयएसओ नुसत्या कॉपी करून ठेवता येतात. आयएसओ फक्त त्या डिस्ट्रोच्या साइटवरून किंवा तिथे दिलेल्या मिररवरून घ्या आणि चेकसम, म्हणजे फाइल जशीच्या तशी आहे का ते सांगणारा आकडा, ताडून बघा, कंटाळा करू नका. २० फेब्रुवारी २०१६ ला खुद्द लिनक्स मिंटची साइट हॅक झाली होती आणि डाउनलोडची लिंक बदलून मागचं दार, म्हणजे चोरून आत शिरायची वाट, ठेवलेली १७.३ आवृत्तीची सिनॅमन डेस्कटॉपवाली आयएसओ लोकांच्या गळ्यात मारली गेली होती. मिंटच्या साइटवर चेकसमच्या फाइलला सही असते, ती कशी तपासायची तेही तिथेच दिलंय.

मग लाइव्ह बूट करा, म्हणजे इन्स्टॉल न करता पेनड्राइव्हवरूनच लिनक्स चालू करा, आणि लगेच इन्स्टॉल दाबू नका. वायफाय दिसतं का, झाकण बंद करून उघडल्यावर मशीन जागं होतं का, ब्राइटनेसची बटणं, हेडफोन, कॅमेरा, प्रिंटर, सगळं तिथेच बघून घ्या. जुन्या डेल-एचपीमध्ये ब्रॉडकॉमचं वायफाय कार्ड असेल तर ते सुरुवातीला दिसणार नाही, घाबरू नका, फोन केबलने जोडा आणि यूएसबी टेदरिंग चालू करा, नेट लगेच येतं, मग मिंटमधल्या ड्रायव्हर मॅनेजरने ब्रॉडकॉमचा ड्रायव्हर टाका. इन्स्टॉलरला डिस्कच दिसत नसेल तर बायोसमध्ये, म्हणजे मशीन सुरू होताना उघडणाऱ्या सेटिंगमध्ये, स्टोरेज रेड किंवा आरएसटी मोडवर असतं, ते एएचसीआय मोडवर करावं लागतं. विंडोज सोबत ठेवणार असाल तर हे बदलायच्या आधी विंडोजला त्याची तयारी करून द्यावी लागते, नाहीतर ते उठत नाही. बिटलॉकर, म्हणजे विंडोजचं डिस्क कुलूपबंद करणारं एन्क्रिप्शन, चालू असेल तर रिकव्हरी की आधी कागदावर लिहून घ्या. विंडोजमधलं फास्ट स्टार्टअप बंद करा.

आता मुद्द्याचं, सॉफ्टवेअर कुठून घ्यायचं.

पहिला स्रोत म्हणजे डिस्ट्रोची स्वतःची रिपॉझिटरी, म्हणजे पॅकेजांचं भांडार. इथलं पॅकेज कोणीतरी बांधलेलं असतं, बाकीच्यांशी जुळवलेलं असतं आणि त्यावर सही असते. लोकांची तक्रार अशी की डेबियन स्टेबलमध्ये, म्हणजे डेबियन नावाच्या डिस्ट्रोच्या पक्क्या आवृत्तीत, सगळं जुनं मिळतं. जुनं म्हणजे आवृत्तीचा आकडा जुना, सिक्युरिटीची दुरुस्ती त्याच जुन्या आवृत्तीत आणून लावलेली असते, म्हणून आकडा बघून घाबरायचं कारण नाही. उलट कधीकधी हा जुनेपणाच वाचवतो. मार्च २०२४ मध्ये अँड्रेस फ्रॉइंड नावाच्या, पोस्टग्रेस डेटाबेसच्या डेव्हलपरला एसएसएचच्या, म्हणजे दुसऱ्या मशीनवर दुरून शिरायच्या, लॉगिनला अर्धा सेकंद जास्त का लागतोय असा संशय आला, खणत गेला तर एक्सझेड या फाइली दाबून लहान करणाऱ्या सॉफ्टवेअरच्या ५.६.० आणि ५.६.१ मध्ये कोणीतरी मुद्दाम घुसवलेलं मागचं दार सापडलं. ते डेबियनच्या टेस्टिंग-अनस्टेबल आणि फेडोरा या डिस्ट्रोच्या रॉहाइड अशा चाचणीच्या आवृत्त्यांमध्ये पोचलं होतं, डेबियन स्टेबलमध्ये नव्हतं. आता म्हणून स्टेबलला काही होतच नाही असं नाही, पण रोज ताजं पाहिजे म्हणणाऱ्याने हा प्रकार लक्षात ठेवावा.

एक बारीक गोष्ट जी फारशी कोणी सांगत नाही, उबुंटूच्या रिपॉझिटरीचे भाग असतात. मेन भागाला उबुंटू बनवणारी कंपनी कॅनॉनिकल एलटीएसवर, म्हणजे लांब मुदतीच्या आवृत्तीवर, पाच वर्षं सिक्युरिटी अपडेट देते, युनिव्हर्स भाग समुदायाच्या भरवशावर असतो, आणि व्हीएलसीसारखी रोजची कितीतरी पॅकेजं युनिव्हर्समध्येच आहेत. त्यांनाही कॅनॉनिकलची अपडेट पाहिजेत तर उबुंटू प्रो चालू करायचं, घरगुती वापराला पाच मशीनपर्यंत फुकट आहे, फक्त अकाउंट काढावं लागतं. डेबियनमध्ये हा भेद नाही, तिथल्या मेनचा पसारा मोठा आणि सिक्युरिटी टीम एकच.

दुसरा स्रोत म्हणजे सॉफ्टवेअर बनवणाऱ्या कंपनीची डेब फाइल, डेबियन-उबुंटू-मिंटवर बसणारं पॅकेज. क्रोम, व्हीएस कोड यांची डेब टाकली की ती आपली रिपॉझिटरीही सिस्टिममध्ये जोडते, मग पुढची अपडेट नेहमीच्या अपडेटसोबत येतात, हे चांगलंय. पण प्रत्येक डेब असं करत नाही. काही नुसत्या एकट्या फाइली असतात, आज टाकली की दोन वर्षांनी तीच आवृत्ती तशीच पडलेली. म्हणून टाकल्यावर ईटीसीमधल्या एपीटीच्या, म्हणजे पॅकेजं बसवणाऱ्या पॅकेज मॅनेजरच्या, सोर्सेस डॉट लिस्ट डॉट डी (/etc/apt/sources.list.d) फोल्डरमध्ये डोकावून बघा, नवीन फाइल आली का. नाही आली तर ते सॉफ्टवेअर अपडेट करायचं काम तुमच्यावर आलं.

पीपीए, म्हणजे कोणीतरी स्वतः चालवलेली छोटी रिपॉझिटरी, हा उबुंटूवाल्यांचा जुना नाद. कुठल्यातरी लेखात तीन ओळी दिलेल्या असतात, आपण चिकटवतो, काम होतं आणि विसरून जातो. कोणीही लाँचपॅड या कॅनॉनिकलच्या साइटवर अकाउंट काढून पीपीए चालवू शकतो, आणि तुम्ही तो जोडला की त्याचं पॅकेज तुमच्या मशीनवर रूटच्या, म्हणजे सिस्टिममध्ये काहीही करू शकणाऱ्या मालकाच्या, अधिकाराने बसतं. शिवाय दोन वर्षांनी सिस्टिम पुढच्या आवृत्तीवर न्यायची म्हटलं की हेच पीपीए आडवे येतात. एखादा लागलाच तर लागला, पण सात-आठ जोडलेले असतील तर अपग्रेडच्या दिवशी सुट्टी टाका. डेबियनवर तर उबुंटूचा पीपीए जोडूच नका, आणि स्टेबलमध्ये टेस्टिंगच्या ओळी मिसळू नका, ते प्रकरण निस्तरायला नव्याने इन्स्टॉल करणं सोपं जातं.

फ्लॅटपॅक, म्हणजे कुठल्याही डिस्ट्रोवर चालणारं, बाकी सिस्टिमपासून वेगळं ठेवलेलं पॅकेज, मला स्वतःला पटलेलं आहे. खाली सिस्टिम जुनी आणि शांत राहते, वर चार-पाच ॲप ताजी. लिब्रे ऑफिस नवं पाहिजे, गिंप नवं पाहिजे, ओबीएस पाहिजे, घ्या फ्लॅटहब या त्याच्या दुकानातून. पहिलं ॲप घेताना मात्र दचकाल, शंभर एमबीच्या ॲपसोबत त्याचं रनटाइम, म्हणजे ॲप चालायला लागणारा सामायिक भाग, येतं आणि आकडा पाऊण-एक जीबीवर जातो. पुढची ॲप तेच रनटाइम वापरत असली तर परत उतरत नाही. दिवसाला दीड जीबीच्या पॅकवर असाल तर हे रात्री कोणाच्या तरी ब्रॉडबँडवर उरकून घ्या. फ्लॅटहबवर ॲपच्या नावाशेजारी व्हेरिफाइडची खूण बघायची, म्हणजे ते मूळ बनवणाऱ्यानेच टाकलंय किंवा त्याची संमती आहे. मिंट २२ पासून तर सॉफ्टवेअर मॅनेजर बिनखुणेची फ्लॅटपॅकं आपणहून दाखवतच नाही, सेटिंगमध्ये जाऊन मुद्दाम चालू करावं लागतं. बरोबर केलंय त्यांनी.

फ्लॅटपॅक सगळ्याला घेऊ नये हेही सांगतो. ब्राउझर फ्लॅटपॅकमधून घेतला की पासवर्ड मॅनेजरचं ॲप किंवा सहीची युटिलिटी त्याच्याशी बोलताना अडते, कारण तो पिंजऱ्यात असतो. व्हीएस कोडचंही तसंच, आतून सिस्टिमचा कंपायलर सापडत नाही आणि लोक तासन्‌तास डोकं फोडत बसतात. ब्राउझर आणि कोडिंगची हत्यारं रिपॉझिटरीतून किंवा कंपनीच्या डेबमधून, बाकी शोभेची आणि करमणुकीची ॲप फ्लॅटपॅकमधून, अशी वाटणी करा.

स्नॅप म्हणजे फ्लॅटपॅकसारखाच पण कॅनॉनिकलचा प्रकार आणि त्याचं दुकान एकच, त्यांचंच. उबुंटू २२.०४ पासून फायरफॉक्स स्नॅपमधूनच येतो, एपीटीने मागितला तरी मागच्या दाराने स्नॅपच बसतो, म्हणून लोक चिडतात. मिंटने २०२० पासून स्नॅप मुळातच अडवून ठेवलंय. हार्ड डिस्कवाल्या जुन्या मशीनवर स्नॅपचं ॲप पहिल्यांदा उघडताना वेळ खातं, एसएसडीवर एवढं जाणवत नाही. उबुंटूच पाहिजे आणि फायरफॉक्स साधा पाहिजे तर मोझिलाची स्वतःची डेब रिपॉझिटरी २०२४ पासून आहे, ती जोडा आणि तिला प्राधान्य द्या. आणि पैशाची ॲप कुठल्याच दुकानातून डोळे झाकून घेऊ नका, २०२४ च्या फेब्रुवारीत स्नॅप स्टोअरवरच्या एक्झोडस या क्रिप्टो वॉलेटच्या बनावट ॲपमुळे एकाचे नऊ बिटकॉइन गेले.

ॲपइमेज, म्हणजे एकाच फाइलमध्ये अख्खं ॲप, एखाद-दुसऱ्या ॲपला ठीक, डाउनलोड करा, एक्झिक्युटेबल करा, चालवा. उबुंटूवर किंवा मिंटवर चालत नसेल तर बहुधा लिबफ्यूज टू नावाचं जुनं पॅकेज बसवावं लागतं.

आता आर्च या डिस्ट्रोचं एयूआर, वापरणाऱ्यांनीच भरलेलं भांडार. तिथे तयार पॅकेज नसतं, पॅकेज कसं बांधायचं याची पाककृती असते, कोणीही लिहून टाकलेली, आणि ती वाचायची जबाबदारी खाणाऱ्यावर. जुलै २०२५ मध्ये फायरफॉक्स, लिब्रेवुल्फ आणि झेन ब्राउझरचं नाव लावलेली तीन पॅकेजं आली, त्यांच्यातून मशीनचा ताबा घेणारं मालवेअर बसत होतं, दोन दिवसांत ती काढली गेली. ज्याला ती स्क्रिप्ट वाचून कळते त्याने खुशाल आर्च वापरावं, मस्त आहे, विकीही अव्वल. ज्याला एयूआरमधून पॅकेजं बसवणाऱ्या याय नावाच्या टूलवर नुसतं एंटर एंटर करायचंय त्याने नको.

आणि कुठूनही घ्या, पॅकेज मॅनेजर काय म्हणतोय ते वाचा. नोव्हेंबर २०२१ मध्ये यूट्यूबवाल्या लायनस सेबॅस्टियनने पॉप ओएस या डिस्ट्रोवर गेमचं स्टीम टाकायला घेतलं, त्या वेळी त्या पॅकेजमध्येच घोळ होता, एपीटीने बजावलं की हे केलंत तर डेस्कटॉपची अत्यावश्यक पॅकेजं निघून जातील, खात्री असेल तर ‘मी म्हणतो तसं कर’ हे वाक्य इंग्रजीत जसंच्या तसं टाइप करा. त्याने टाइप केलं, आणि डेस्कटॉप गेला. अपडेट करताना जी यादी येते त्यात नवीन काय येतंय ते नाही बघितलं तरी चालेल, पण काढणार असं लिहिलेल्या भागात सिनॅमन, नोम, झॉर्ग असली डेस्कटॉपशी संबंधित नावं दिसली की तिथेच नाही म्हणा.

एवढं ठरलं की डिस्ट्रोची निवड आपोआप छोटी होते. घरातल्या माणसांना द्यायचंय, फोन करून विचारायला नकोत, तर मिंट २२ ची मालिका, खाली उबुंटू २४.०४ आहे आणि २०२९ पर्यंत अपडेट आहेत. थोडंफार स्वतः बघता येतं आणि काहीच हलू नये असं वाटतं तर डेबियन १३, तो ९ ऑगस्ट २०२५ ला आला. डेबियन १२ पासून वायफायचं फर्मवेअर इन्स्टॉलरमध्येच असतं, म्हणून पूर्वीची ती शोधाशोध संपली. नवा लॅपटॉप आहे, नवा प्रोसेसर, नवं ग्राफिक कार्ड, तर फेडोरा बघा, कर्नल, म्हणजे सिस्टिमचा गाभा, ताजा मिळतो, पण एक आवृत्ती साधारण तेरा महिनेच जगते आणि सगळ्या प्रकारचे व्हिडिओ चालवणारे कोडेक पाहिजेत तर आरपीएम फ्यूजन ही बाहेरची रिपॉझिटरी जोडावी लागते. उबुंटू घेणार तर एलटीएसच घ्या, मधल्या आवृत्त्या नऊ महिन्यांत संपतात. ३२ बिटवालं फारच जुनं मशीन असेल तर डेबियन १३ ने तो इन्स्टॉलर बंद केलाय, अँटीएक्स वगैरे हलक्या डिस्ट्रो बघता येतील, पण खरं सांगायचं तर त्या मशीनवर आजच्या वेबसाइट चालणार नाहीत, दामटवू नका.

डेस्कटॉप, म्हणजे पट्टी, मेनू, खिडक्या असा सगळा समोरचा चेहरा, मी शेवटी आणलाय कारण तो रॅम बघून ठरतो. चार जीबी रॅम आणि साधी हार्ड डिस्क असेल तर एक्सएफसीई हा हलका डेस्कटॉप. चार जीबी आणि एसएसडी असेल तर सिनॅमनही चालेल. आठ जीबीच्या वर जे आवडेल ते. हलका डेस्कटॉप घेऊन दोनशे-तीनशे एमबी वाचतात आणि मग क्रोमचे बारा टॅब उघडले की दोन जीबी जातात, तेव्हा डेस्कटॉपवर फार घासाघीस करण्यापेक्षा आधी २५६ जीबीची एसएसडी टाका, मशीन नवं वाटायला लागतं. विंडोजची सवय असेल तर सिनॅमन किंवा केडीई प्लाझ्मा, खाली पट्टी, डावीकडे मेनू, हात शोधत बसत नाहीत. नोम वेगळ्या धाटणीचा आहे, खिडकी लहान करायचं बटण सुरुवातीला नसतं, काहींना फार आवडतो, माझ्या वडलांच्या पिढीला तो देऊ नका. एकाच सिस्टिमवर दोन डेस्कटॉप टाकायचा मोह होतो, मेनूत दोन-दोन फाइल मॅनेजर, दोन-दोन सेटिंग्ज येऊन बसतात. बघायचंच असेल तर पेनड्राइव्हवरून बघा.

मराठी टायपिंग याच टप्प्यावर तपासा, कारण ते डेस्कटॉपवर अवलंबून आहे. कीबोर्डच्या लेआउटमध्ये मराठीचे दोन प्रकार मिळतील, उच्चाराप्रमाणे टाइप करायचं कगप फोनेटिक आणि एनहान्स्ड इनस्क्रिप्ट, दोन्हीला वेगळं काही इन्स्टॉल करावं लागत नाही. इनस्क्रिप्टवाल्यांनी सुऱ्या लिहून बघायचं, शिफ्ट दाबून जे, मग डी, मग तिरकी रेघ, रफार न येता अर्धचंद्रासारखा र आला पाहिजे. तिथे चौकोन किंवा ठिपक्यांचं वर्तुळ दिसलं तर फॉन्ट कमी आहे, नोटोची किंवा लोहितची देवनागरी पॅकेजं टाका. लोहित रेड हॅटने खुला केलेला, त्यामागचं मूळ काम पुण्याच्या मॉड्युलर इन्फोटेकचं. मराठी वळणाचे ल आणि श पाहिजेत तर लिब्रे ऑफिसच्या ऑप्शनमध्ये लँग्वेजेसखाली कॉम्प्लेक्स टेक्स्टची भाषा मराठी करा, हिंदी राहिली की अक्षरं हिंदी वळणाची येतात. प्लाझ्मा वेलँड या नव्या डिस्प्ले पद्धतीवर असेल आणि तुम्ही एफसीआयटीएक्स फाइव्ह हे टायपिंगचं सॉफ्टवेअर वापरत असाल तर सिस्टिम सेटिंग्जमध्ये व्हर्च्युअल कीबोर्डखाली ते निवडावं लागतं, कुठे लपवलंय बघा, नाहीतर काही ॲपमध्ये मराठी येतं आणि काहींत येत नाही.

इन्स्टॉल झालं की ॲप टाकायच्या आधी टाइमशिफ्ट या टूलने एक स्नॅपशॉट, म्हणजे बिघडलं तर मागे परतता येईल अशी प्रत, घ्या. तो सिस्टिमचा असतो, तुमचे फोटो आणि कागद त्यात धरत नाही, त्यांची कॉपी वेगळ्या डिस्कवर ठेवा. नंतर महिन्या-दोन महिन्यांनी एकदा सोर्सेसचं फोल्डर उघडून नको त्या रिपॉझिटरी बंद करायच्या, एखादं पॅकेज कुठून आलंय आठवत नसेल तर एपीटी पॉलिसी लिहून पुढे त्याचं नाव द्या, स्रोत समोर येतो. फ्लॅटपॅकची उरलेली रनटाइम काढायला फ्लॅटपॅक अनइन्स्टॉल आणि पुढे दोन डॅश लावून अनयूज्ड, बऱ्याच वेळा एक-दोन जीबी सुटतात.